दातांच्या खुणा

तारिहाळ हे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर असेल. हुबळी-धारवाड म्हटले की आपल्या मंडळींना गाणे आठवते. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू ही माणसे त्या मातीतली आणि सवाई गंधर्वांचे कुंदगोळही तिथून हाकेच्या अंतरावर. तारिहाळ मात्र हुबळीच्या कडेची औद्योगिक वसाहत आहे. तिथे लेथ फिरतात आणि लोखंडाचा कीस पडतो. मी गेल्या महिन्यात तिथे गेलो तो एका विलायती पाइपाचे मोडलेले टोक बसवून घ्यायला. गाण्याचा मास्तर आणि पाइप, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती रास्त आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

पाइप माझ्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा आपल्या संस्थानच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवीत. १९४६ साली, सोळाव्या वर्षी ते दरबारी नोकरीत लागले आणि तीन वर्षांत संस्थान विलीन झाले. बँडमास्तर गोव्याकडचे होते. गाव सोडताना त्यांनी हा पाइप अण्णांच्या हातात ठेवला. लाकडावरचे कारखान्याचे नाव घासून केव्हाच गेले आहे. पण कड्यावर चांदीचे छाप आहेत. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी, आणि शेजारचे अक्षर त्या सालाचे. तक्ता लावून पाहिला तेव्हा १९२८ निघाले. पाइप अण्णांहून दोन वर्षांनी वडील!

ते साल निघाले त्या दिवसापासून मला हा नाद लागला. आज घरात सात पाइप आहेत. जुन्या बाजारात, वाड्यांच्या मोडीत, मुंबईच्या चोरबाजारात ते मिळाले. या पाइपांचे लाकूड म्हणजे ब्रायर. ते झाडाच्या खोडाचे नसते. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, कॅलाब्रिया, अल्जीरिया या भागांत एक रानझुडूप वाढते. त्याच्या मुळाशी जमिनीत एक गाठ धरते, आणि ती कामाची व्हायला कित्येक दशके लागतात. गाठ खणून ओली ठेवायची, तुकडे पाडायचे, तासन्‌तास उकळायचे आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचे. इतके सोसलेले लाकूड निखाऱ्याने सहसा जळत नाही. फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरात सेंट क्लॉद नावाचे गाव आहे. तिथले कातारी पूर्वी बॉक्सवूडच्या वस्तू करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते ब्रायरकडे वळले आणि पुढे जगभर पाइप पुरवू लागले. लंडनचे नाव त्यानंतर झाले. आल्फ्रेड डनहिलने ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढले १९०७ साली, पाइप घडवू लागला १९१० साली, आणि नळीवरचा तो प्रसिद्ध पांढरा ठिपका आणखी काही वर्षांनी आला. ग्राहकाला नळीची वरची बाजू कळावी एवढाच त्याचा मूळ हेतू, असे म्हणतात. आता त्या ठिपक्याचीच किंमत पडते!

पाइप ओढणे ही मुळात श्वासाची गोष्ट आहे. तंबाखू खाली सैल, वर किंचित घट्ट भरावी. पहिल्या काडीने वरचा थर फुलून येतो, तो हलकेच दाबून दुसरी काडी लावावी. मग ओढायचे ते विलंबित लयीत. घाई केली की वाटी तापते, जीभ पोळते. एकदा ओढलेल्या पाइपाला निदान एक दिवस विश्रांती द्यावी. आत कोळशाचा पातळ थर धरतो तो लाकडाचे रक्षण करतो, पण फार वाढू दिला तर वाटीला चीर पाडतो. हे सारे मला अण्णांना पाहून आले, त्यांनी शिकवले नाही. त्यांच्या वेळी आपल्या घरांत चंची होती, तपकिरीची डबी होती, वाड्यावर हुक्का होता. त्यांविषयी कोणी बोलत नसे. पाइप तेवढा साहेबी म्हणून अण्णा परसात बसत. ते भरायला घेऊ लागले की आई न बोलता माजघराची खिडकी उघडून ठेवी.

मन्सूरांची बिडी प्रसिद्ध होती आणि त्यांचे गाणे शेवटपर्यंत तेजाळ राहिले. असे दाखले पाइपवाले लोक मोठ्या हौसेने देतात. मीही देत असे. पण १९९१ सालच्या गणेशोत्सवात, मी तेरा वर्षांचा असताना, अण्णा एका नाट्यपदाच्या मध्येच थांबले. जी सुरावट ते एका दमात नेत, ती त्यांना तीनदा तोडावी लागली. साथीदाराने पेटीवर जागा भरून काढली आणि श्रोत्यांच्या ते ध्यानातही आले नाही. आईच्या आले. त्या रात्री अण्णांनी पाइप पेटीत ठेवला तो पुन्हा काढला नाही. श्वास मात्र परत आला नाही. पाइपाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हे खरे नव्हे. तोंडाला, जिभेला, घशाला कर्करोगाचा धोका असतोच. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो, आणि माझ्या सात पाइपांकडे पाहून ते हसतात.

अण्णांच्या पाइपाच्या नळीचा, लाकडात जाणारा बोटाच्या पेराएवढा खुंट गेल्या पावसाळ्यात मोडला. इथल्या एका दुकानदाराने पाहिले आणि नवी प्लॅस्टिकची नळी बसवून देतो म्हणाला. मग लग्नाच्या बँडातल्या एका क्लॅरिओनेटवाल्याने तारिहाळच्या कातारी कारागिराचा पत्ता दिला. जुन्या पाइपाची नळी आणि क्लॅरिओनेटचे मुखपत्र दोन्ही एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उन्हापावसाने दोन्ही सारखीच हिरवट तपकिरी पडतात. नमुना म्हणून अण्णांच्या क्लॅरिओनेटचे मुखपत्रही रुमालात बांधून घेतले. बस निपाणीवरून गेली. बिडीच्या तंबाखूचे ते गाव. मोटारीत बसल्या बसल्या वास येतो की आपल्या मनालाच येतो, कोण जाणे.

कारागीर कानडी, मी मराठी, आणि दोघांची हिंदी सारखीच कच्ची. त्याने मोडका खुंट घासून सपाट केला, त्या जागी भोक पाडले आणि एबोनाइटच्या कांबीतून नवा खुंट कातायला घेतला. दर दोन फेऱ्यांनी यंत्र थांबवून तो बसवून पाही. जवारी काढणारा मिरजेचा कारागीर जसा पुन्हा पुन्हा तार छेडून पाहतो, तसेच ते. खुंट बसला. मग तो नळीचे टोक उजेडात धरून म्हणाला, ‘‘इथे दातांचे खड्डे आहेत री, मास्तर. गरम पाण्यात धरतो. रबर आपोआप वर येते, नव्यासारखे होईल.’’

ते खरे होते. एबोनाइटला उष्णता दिली की दबलेला भाग फुगून आपल्या मूळ आकाराला येऊ पाहतो. मी त्याला थांबवले. का, ते मला हिंदीत सांगता येईना. म्हणून रुमालातले मुखपत्र काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. क्लॅरिओनेट वाजवताना वरचे दात मुखपत्रावर टेकतात आणि वर्षानुवर्षांनी तिथे खाचा पडतात. अण्णांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. कारागिराने दोन्ही वस्तू दिव्याखाली शेजारी शेजारी धरल्या, अंगठ्याचे नख एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर फिरवले. फटीची जागा दोन्हीकडे तीच.

‘‘बरं री,’’ एवढेच तो म्हणाला. मग त्याने शेवटच्या अर्ध्या इंचाला कापडी पट्टी गुंडाळली आणि बाकीची नळी घासून काळीभोर केली. ते टोक तेवढे हिरवट राहिले.

घरी आलो तो दिवेलागण झाली होती. आईने पाइप हातात घेतला, टोकावरून बोट फिरवले आणि विचारले, ‘‘पेटवणार आहेस?’’

‘‘एकदा. रविवारी, क्लास नसतो तेव्हा.’’

रविवारी मी परसात बसलो. थोड्या वेळाने माजघराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.