गडी एक, कामे चार!

असे समजा की लिनक्स संगणकाच्या पडद्यावर तुम्ही टर्मिनलच्या चार खिडक्या उघडल्या आहेत. पहिलीत लंबकाचे लांबलचक गणित चालू आहे. दुसरीत एक मोठी फाइल उतरते आहे, तिसरीत तुम्ही निबंध टाइप करीत आहात आणि चौथीत ‘टॉप’ ही आज्ञा दिल्यामुळे कोणता प्रोग्रॅम किती राबतो आहे त्याचा तक्ता दिसतो आहे. चारही कामे एकाच वेळी चालली आहेत असे वाटते. खरेच तसे असते का?

एक प्रयोग करून पाहा. चारही खिडक्यांत भराभर ‘स्लीप 60’, म्हणजे ‘साठ सेकंद स्वस्थ बस’, अशी आज्ञा द्या. सुमारे एका मिनिटात चारही मोकळ्या होतील. आता एकट्याने चालवल्यास एक मिनिट घेणारे बेरजांचे गणित चारही खिडक्यांत सुरू करा. मात्र ‘टास्कसेट’ या आज्ञेने चौघांनाही प्रक्रियकाच्या एकाच गाभ्याला जुंपा. (हे केले नाही तर हल्लीचे अनेक गाभ्यांचे प्रक्रियक कामे आपसांत वाटून घेतील आणि गंमत कळणारच नाही!) आता जवळजवळ चार मिनिटे लागतील.

असे का? गाभा एका क्षणी एकाच प्रोग्रॅमच्या सूचना पाळतो. काही मिलिसेकंद झाले, की लिनक्सचा कर्नल त्याला थांबवतो, गणित कुठवर आले ते टिपून ठेवतो आणि दुसऱ्याची टिपणे काढून त्याचे काम पुढे नेतो. ‘स्लीप’ला मात्र पाळीच नको असते. तुमचा निबंधही बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, कारण तुमच्या दोन अक्षरांमधल्या वेळात गाभा कोट्यवधी सूचना उरकतो.

अशा वेळवाटणीचे प्रात्यक्षिक फर्नांडो कोर्बाटो यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये 1961 साली दाखवले होते. पुढे 1991 मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या संगणकावर दोन कामे आळीपाळीने चालवून पाहिली. एक पडद्यावर ‘ए’ उमटवी, दुसरे ‘बी’. त्या खटपटीतूनच लिनक्स वाढले.

आता माझी फजिती सांगतो. चार तास चाललेले गणित सोडून मी ‘पसारा नको’ म्हणून त्याची खिडकी बंद केली. गणितही गेले! दोष माझाच होता. पूर्वी टर्मिनल दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडीत. तार तुटली की तिथले प्रोग्रॅम थांबवण्यासाठी ‘हँगअप’ हा संकेत धाडला जाई. आज तार नाही, पण खिडकी मिटताच तोच संकेत जातो.

आता मी लांबलचक गणित ‘टीमक्स’ या प्रोग्रॅममध्ये सुरू करतो. त्याचा मुख्य भाग खिडकीपासून अलग राहतो. खिडकी मिटून मी वर्गावर जातो. परत येऊन ‘टीमक्स अटॅच’ म्हटले, की गणित पुढे गेलेले दिसते. संगणक मात्र चालू ठेवावा लागतो, बरे का!