मोजलेली किंमत

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात आत्याआजी होत्या. माझ्या आजोबांची बहीण. चौदाव्या वर्षी नवरा गेला, डोईवरचे केस उतरवले आणि त्या माहेरी परत आल्या. मला आठवतात त्या लाल आलवणात, डोक्यावरून पदर घेतलेल्या, माजघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेल्या.

१९७९ साली माझे काका अचानक गेले. काकू तेव्हा एकतीस वर्षांची होती, पदरात दोन मुलं. वर्षाच्या आत तिला नोकरी लागली. पहिल्या दिवशी ती निळी साडी नेसून, कपाळाला बारीक काळी टिकली लावून निघाली. घरातले पुरुष गप्प राहिले, माझ्या आईने तिला डबा भरून दिला. कडाडून विरोध केला तो फक्त आत्याआजींनी. त्या दिवसापासून त्यांनी काकूच्या हातचं खाणं सोडलं. "आम्हाला कुणी विचारलं होतं का, टिकली लावायची का म्हणून?" हे त्यांचं वाक्य मी अकरा वर्षांची असताना ऐकलं आणि मला त्यांचा विलक्षण राग आला. जिने हे सगळं भोगलं, तिनेच दुसरीला त्यात ढकलावं?

हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं माझ्या डोक्यात राहिला. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी हिशेबाची. वाचन केलं ते नोकरीतून उरलेल्या वेळात, पुणे नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणून. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आपण सहसा म्हणतो की, माणसं अज्ञानामुळे जुन्या समजुतींना चिकटून राहतात. त्यांना नीट पटवून दिलं की बदलतील. पुण्याचा इतिहास याला फारसा दुजोरा देत नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. १८७० साली याच पुण्यात शंकराचार्यांपुढे या प्रश्नावर शास्त्रार्थ झाला. दोन्ही बाजूंनी वचनं काढली गेली, पोथ्या उलगडल्या गेल्या. युक्तिवादाची कमतरता कधीच नव्हती. पण १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा पुनर्विवाहाच्या या खंद्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या. रानड्यांना मुद्दा पटायचा राहिला होता असं कोण म्हणेल? पटणं आणि बदलणं यांच्या मध्ये आणखी काहीतरी असतं.

ते काय असतं, याचा एक धागा मला फार लांब सापडला. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली एक सिद्धान्त मांडला. आपली समजूत आणि आपलं वागणं एकमेकांशी जुळेनासं झालं की मनाला ते सोसवत नाही. झालेलं वागणं तर बदलता येत नाही, म्हणून मन समजूतच बदलून घेतं. दोन वर्षांनी एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी यावर एक प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना एका चर्चामंडळात प्रवेश द्यायचा होता. काहींना प्रवेशाआधी बरीच लाज वाटेल अशी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या मंडळाची चर्चा ऐकवली. ती मुद्दामच अत्यंत कंटाळवाणी ठेवली होती. ज्यांनी सर्वांत जास्त सोसलं होतं, त्यांनाच ती चर्चा सर्वांत चांगली वाटली.

हे वाचलं त्या रात्री मला आत्याआजी आठवल्या. त्या मुलींनी सोसलं ते थोडा वेळ. आत्याआजींनी साठ वर्षांहून जास्त. एकवेळचं जेवण, अंधारी खोली, मंगलकार्यात मागे राहणं, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसणं. ही किंमत मोजून झाली होती आणि ती परत मिळणार नव्हती. हे सगळं धर्माचं आहे, अटळ आहे, असं मानलं तर त्या साठ वर्षांना काही अर्थ उरत होता. काकूची टिकली बरोबर ठरली असती तर तो अर्थ गेला असता. काकूने त्यांचा नियम मोडला एवढंच नव्हतं. नकळत तिने त्यांच्या आयुष्याचा हिशेब पुन्हा उघडला होता. "आम्हाला कुणी विचारलं होतं का?" या वाक्यात मला लहानपणी फक्त खडूसपणा ऐकू आला. त्यात तक्रारही होती, आणि ती काकूबद्दल नव्हती.

मग माणसं बदलतच नाहीत का? बदलतात, आणि त्याचंही उदाहरण पुण्यातलंच आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याच आनंदीबाई किंवा बाया कर्वे. या लग्नामुळे कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकलं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. सख्ख्या बहिणीचं दुसरं लग्न डोळ्यांसमोर होतं, तरी पार्वतीबाईंनी स्वतः तो मार्ग धरला नाही आणि केशवपनही सोडलं नाही. कर्व्यांनी १८९६ साली आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. पार्वतीबाई तिथे शिकल्या, काम करू लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. केस राखायचं त्यांनी ठरवलं ते अशी कित्येक वर्षं गेल्यावर. पुढे त्या अमेरिकेलाही जाऊन आल्या. हे सगळं 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. पुनर्विवाहाचा प्रचार कर्व्यांनी आश्रमाच्या कामापासून कटाक्षाने वेगळा ठेवला होता. आश्रमाचं काम शिक्षणाचं. पार्वतीबाईंना आधी काम मिळालं, चार लोकांत शब्दाला वजन आलं. वैधव्याच्या व्रतावाचूनही आपल्या जगण्याला अर्थ आहे, याचा अनुभव गाठीशी जमला. मग जुनं सोडणं म्हणजे आजवरचं आयुष्य वाया गेलं असं कबूल करणं उरलं नाही. हा माझा अर्थ आहे, त्यांचे शब्द नव्हेत. पण अनुभवाने बांधलेली समजूत वादाने सहसा सुटत नाही, दुसऱ्या अनुभवाने सुटते, एवढं मला यातून दिसतं. आत्याआजींना तो दुसरा अनुभव कुणी दिलाच नाही. आम्ही सगळे त्यांना फक्त चूक ठरवत होतो.

हे लिहिताना मला माझ्याबद्दलही सांगायला हवं. १९९८ साली माझ्या नवऱ्याचा चिंचवडचा कारखाना बंद पडला. चौदा महिने घरात माझा एकच पगार होता. दागिने मोडले, आणि मी मनाशी पक्कं केलं: नोकरी कायमची हवी, बाकी सगळं नंतर. गेल्या वर्षी माझ्या मुलीने बँकेतली नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय करायचं ठरवलं. तिने वहीत दोन वर्षांचा खर्च मांडून दाखवला. मी आयुष्यभर हिशेब तपासले आहेत. तिच्या हिशेबात मला चूक सापडली नाही. तरी मी म्हणाले, "आम्हाला नव्हते असले लाड परवडले."

बोलून झाल्यावर माजघरातला तो उंबरा आठवला. माझी भीती खोटी नाही. कारखाने बंद पडतात, हे मी पाहिलं आहे. पण मी तिला धोका समजावून सांगत होते, की माझ्या त्या चौदा महिन्यांचं मोल तिच्याकडून वसूल करत होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मुलीने नोकरी सोडली. वही माझ्या टेबलावर आहे. दर महिन्याचे आकडे ती त्यात भरते आणि मी तपासते.

शेवटच्या आजारात आत्याआजींना काकूनेच भरवलं. त्या मुकाट्याने खात. टिकलीबद्दल त्या पुढे कधीच काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.