घाटमाथ्यावरचं नौदल

पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. टायगर पॉइंटकडे निघालेल्या या गर्दीला वाटेत 'आयएनएस शिवाजी'चं आवार लागतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंचावर नौदलाचा तळ पाहून अनेकांना नवल वाटतं. युद्धनौकांची इंजिनं सांभाळणारे अधिकारी आणि नौसैनिक इथेच शिकून विनाशिकांवर जातात.

या मुलखाला लढाई नवी नाही. इथल्याच कुरवंडे घाटानं मोगल सरदार कारतलबखान कोकणात उतरू लागला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवरायांनी त्याला उंबरखिंडीत कोंडलं. पुढे १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, ब्रिटिश अमदानीतच, हे केंद्र सुरू झालं आणि तेव्हाही त्याला शिवाजी महाराजांचंच नाव मिळालं.

१९४९ मध्ये भारतानं ब्रिटनकडून राजपूत, रणजित आणि राणा या तीन विनाशिका घेतल्या. त्या वाफेवर चालत. बॉयलर पेटवून पुरेसा दाब येईपर्यंत तास न् तास जात आणि आतली माणसं उष्म्यानं हैराण होत. आता माझगाव डॉकनं बांधलेली आयएनएस सुरत ही विनाशिका पाहा. १५ जानेवारी २०२५ रोजी ती मुंबईत नौदलात दाखल झाली. वजन सुमारे ७,४०० टन, चार गॅस टर्बाइन आणि ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग! ही टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतात, पण त्यांना प्रचंड हवा लागते, आणि समुद्रावरची हवा खारट. मीठ पात्यांवर साचलं की ताकद घटते, धातू गंजतो. म्हणून हवा गाळून आत घ्यायची, पाती वेळच्या वेळी धुवायची. हे काम डेकवरून कुणाला दिसत नाही.

जहाजाला भोक पडलं तर? प्रशिक्षणात कृत्रिम कप्प्यात पाण्याचे लोट सोडतात. छातीभर पाण्यात उभं राहून लाकडी पाचरी ठोकायच्या, टेकू लावायचे, पंप चालू करायचा. अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांपासून बचावाच्या सरावासाठी गोवा शिपयार्डनं बांधलेलं 'अभेद्य' हे केंद्रही इथेच आहे.

इंजिनाइतकाच नजरेआडचा दुसरा विभाग म्हणजे दळणवळण. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतल्या नौसैनिकांनी संप पुकारला. बिनतारी यंत्रं त्यांच्याच हातात असल्यानं बातमी बंदराबंदरांत पोहोचली आणि बंड पसरलं. ब्रिटिश सत्तेला हादरवणारं ते बंड संदेशयंत्रांवर बसणाऱ्या पोरांनी उभं केलं होतं. आज तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातलं, १९९० मध्ये सुरू झालेलं 'आयएनएस कट्टबोम्मन' हे केंद्र अतिशय कमी कंप्रतेच्या लहरींनी पाणबुड्यांना संदेश पाठवतं. साध्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, या लहरी मात्र काही मीटर खोल जातात.

तोफा आणि क्षेपणास्त्रांची छायाचित्रं सगळीकडे झळकतात. जहाज चालतं मात्र खालच्या मजल्यावरच्या माणसांवर, आणि बंदराशी जोडलेलं राहतं ते संदेश पोहोचवणाऱ्यांमुळे. मावळातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी नौदलातल्या या कामाची वाट मुलामुलींना जरूर सांगावी. नौदलात 'एसएसआर' (सीनियर सेकंडरी रिक्रूट) अग्निवीर होण्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. पहिलं प्रशिक्षण ओडिशातल्या चिल्का इथं होतं. इंजिन विभाग मिळालेल्यांना त्यानंतर लोणावळ्याला यावं लागतं.