गुरांचा डॉक्टर आणि आपली चूल

गुरांच्या डॉक्टरविषयी आपणा शहरवासीयांची कल्पना मोठी आटोपशीर असते. म्हैस अडली, बैलाचे पोट फुगले, शेळ्यांत साथ आली, म्हणजे खेड्यातल्या माणसाने ज्याला बोलवावयाचे तो हा गृहस्थ. आपल्या दारात ना म्हैस ना बैल. तेव्हा त्याचा आपला संबंध फार तर घरच्या कुत्र्याला टोचून घेण्यापुरता. आमचे म्हणणे निराळे आहे. सकाळी चहात दूध घालणारा प्रत्येक मनुष्य या डॉक्टरच्या विद्येवर विसंबून असतो. आणि म्हणून त्याला काय शिकवितात, हे विचारण्याचा त्या मनुष्याला हक्क आहे.

या चौकशीसाठी दूर जावयास नको. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. तेथे १९८८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे. प्रतिसरकारचे हे पुढारी येडे मच्छिंद्रचे, आणि ते गाव आज सांगली जिल्ह्यात येते. १९४९ पूर्वी हा सारा मुलूख एकच सातारा जिल्हा होता. तेव्हा संस्था साताऱ्यात आणि नाव सांगलीकडचे, हा योग उचितच म्हटला पाहिजे. येथील पदवीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. औषधे, शस्त्रक्रिया, पैदास या विषयांच्या जोडीला ‘पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य’ हा एक स्वतंत्र विषय असतो. दुधाची व मांसाची स्वच्छता, जनावरांतून माणसांत येणारे रोग आणि साथींचा माग, ही त्याची अंगे होत.

आता कोणी विचारील, रोगी जनावर आणि चिंता माणसाची, हा काय प्रकार? याचे उत्तर एका जुन्या हकिकतीत आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश शिपाई एका चिवट तापाने आजारी पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला त्या तापाचा जंतू सापडला. पण तो येतो कोठून, हे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट यांनी बेटावरील शेळ्या तपासल्या, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांतच तो जंतू निघाला. पुढल्या वर्षी शिपायांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद केले आणि ताप जवळजवळ नाहीसा झाला. औषध मिळण्याच्या कितीतरी आधी रोग हटला, तो केवळ गोठा आणि माणूस यांमधील वाट कळल्यामुळे!

हाच ब्रुसेला नावाचा जंतू आपल्याकडेही आहे. गाय किंवा म्हैस दिवस भरण्याआधी गाभडते, वार पडत नाही. घरधनी उघड्या हाताने सारे ओढून काढतो आणि उकिरड्यावर टाकतो. काही आठवड्यांनी त्याला ताप येऊ लागतो. ताप उतरतो, पुन्हा चढतो. घाम सुटतो, सांधे धरतात. हिवताप म्हणून औषध घेऊन होते, विषमज्वर म्हणून घेऊन होते. अखेर तो शहराच्या दवाखान्यात येतो. तेथे एखाद्या डॉक्टरने ‘घरी गुरे आहेत काय? एखादे गाभडले होते काय?’ असे दोन प्रश्न विचारले, तर निदान लवकर होते. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न उलट बाजूने शिकवितात. गाभडलेली म्हैस पाहिली, की हातमोजे चढवावयाचे, नमुना घ्यावयाचा, वार खोल पुरवावयाची, आणि घरातल्या माणसांना ताप आहे काय हे विचारावयाचे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना या रोगाची लस टोचतात. २०१९ साली केंद्र सरकारने लाळखुरकताबरोबर याही रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू केली.

दूध तापविण्याची आपली घरगुती चाल येथे मोठी उपकारक ठरली आहे. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले, की रोगाचे जंतू मरतात. आपण तर ते उतू जाईपर्यंत तापवितो. परंतु खाशाबा जाधवांच्या या कुस्तीप्रेमी मुलखात धारोष्ण दुधाची थोरवीही काही कमी नाही. पहिलवानाने दूध अवश्य प्यावे. मात्र ते तापवून प्यावे. त्याने ताकद तिळभर कमी व्हावयाची नाही.

इतके झाले, की गृहिणी म्हणेल, ‘आम्ही दूध तापवितो, आमचे काम संपले.’ दुर्दैवाने संपले नाही. म्हशीच्या कासेला सूज येते, तिला आपल्याकडे दगडी म्हणतात. त्यावर प्रतिजैविक औषध टोचले, की त्याचा अंश काही काळ दुधात उतरतो. उकळल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश सगळा जात नाही. अशा दुधाला विरजण लावले तर दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूही औषधाने मारले जातात. याहून मोठा धोका असा, की थोडथोडे औषध पोटात जात राहिले, तर जंतू त्याला सरावतात आणि आपल्या आजारात तेच औषध चालेनासे होते.

यासाठी प्रत्येक औषधाला एक मुदत ठरलेली असते. तेवढे दिवस ते दूध विकावयाचे नाही. नियम एका ओळीचा आहे. पण समजा, मिरज तालुक्यातल्या एका वस्तीवर दोन म्हशींवर संसार चालला आहे. त्यातल्या एकीला दगडी झाली. डॉक्टर सुई टोचतो आणि सांगतो, ‘बाई, अमके दिवस हे दूध डेअरीला घालू नका.’ त्या बाईच्या डोळ्यांपुढे जंतू नसतात. दहा दिवसांनी होणारे दुधाचे बिल असते, किराणा असतो, पोरांच्या वह्या असतात. शहरातल्या अनोळखी माणसांसाठी तिने आपले दूध का ओतून द्यावे? या विषयाचा खरा पेच येथे आहे, आणि तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सुटत नाही.

चांगले शिक्षण विद्यार्थ्याला म्हणून गोठ्यात नेते. तेथे तो चार खणांच्या तबकडीत चारही सडांचे दूध निरनिराळे घेतो, तितकेच द्रावण घालून हलवितो. मिश्रण चिकट, घट्ट झाले, की दूध दिसावयास शुभ्र असूनही त्या सडात दगडीची सुरुवात आहे, हे कळते. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत. म्हैस लगेच बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकावी, तेवढ्यात सडाचे तोंड मिटते. निरोगी म्हशीची धार आधी काढावी, आजारीची शेवटी. या गोष्टींना पैसा थोडा लागतो आणि पुष्कळदा सुईची वेळच टळते. बाईला केवळ ‘दूध ओता’ म्हणणारा डॉक्टर तिला शत्रू वाटेल. पुढच्या खेपेस दूध ओतावे लागू नये याची वाट दाखविणाऱ्याचे ती ऐकेल.

मांसाची गोष्ट थोडक्यात सांगतो. विद्यार्थी कत्तलखान्यात जनावर आधी जिवंत पाहतात, मग त्याचे काळीज आणि फुप्फुस हाताने चाचपून, चिरून तपासतात. मेंढीच्या काळजात कधी पाण्याने भरलेले फोड आढळतात. हे फोड कुत्र्याने खाल्ले, की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, माणसाच्या हातावर येतात आणि माणसाच्या काळजातही तसेच फोड धरतात. मटण खाऊन हा रोग होत नाही. टाकलेले काळीज कुत्र्याला मिळाल्याने तो फिरत राहतो. माणापासून जतपर्यंत जेथे मेंढरांबरोबर कुत्रा चालतो, तेथे हे ध्यानात ठेवले पाहिजे. सदोष काळीज जाळणे किंवा खोल पुरणे, एवढ्याने फेरा तुटतो.

आता आपले कर्तव्य. दुधाचा दर आज मुख्यतः फॅट आणि एसएनएफवर ठरतो. औषधाचा अंश नसलेल्या, स्वच्छ दुधाला निराळा भाव मिळाला, तर त्या बाईचा तोटा एकटीच्या पदरी पडणार नाही. तो भाव अखेर आपणच द्यावयाचा आहे. दुधाच्या पिशवीचे दोन पैसे वाढले की आपण कुरकुरतो; ते दोन पैसे कशाचे, हेही एकदा विचारावे. शिरवळचा विद्यार्थी गोठ्यात वाकून सड तपासतो, तेव्हा तो आपल्याच घरची राखण करीत असतो. त्याच्या सांगण्यावरून जिने दूध ओतले, तिचे आपण देणे लागतो.