उसळी मुरवणारा खांब

खड्ड्याचा दणका झेलते ती स्प्रिंग. पण तिला पुन्हा पुन्हा उसळू न देण्याचं काम गाडीच्या चाकाजवळच्या ‘स्ट्रट’ या खांबाच्या नळीतल्या दट्ट्याचं. तो वर-खाली होताना बारीक झडपांमधून तेल ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही स्ट्रटची रचना आपल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही होती.

नळीतलं तेल अडवणारं सील गेलं की तिच्यावर धुळीने माखलेला तेलकट ओघळ दिसतो. टायरवरून हात फिरवा, जागोजागी खोलगट झीज लागली तर संशय पक्का. नुसता ओलसर थर मात्र चालतो. तेवढ्यावर नवा स्ट्रट गळ्यात मारणारेही भेटतात. आणि खडखड आली म्हणजे स्ट्रटच गेला असंही नाही, बऱ्याचदा स्टॅबिलायझरची लिंक किंवा वरचं माउंट सैल झालेलं असतं.

बदलायचे तर डावा-उजवा जोडीनेच, मग व्हील अलाइनमेंट. घरी पाने-पकड घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींना एकच विनंती, स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरच्या मधल्या नटला हात लावू नका. दाबातून सुटलेली स्प्रिंग जिवावर बेतू शकते.