चुटकीसरशी

घरातले दिवे मालवलेले. पंपाची घरघर कानाला सवयीची झालेली. आणि मध्यरात्री काचेच्या टाकीतून आवाज येतो, ‘टक्’. काचेला तडा गेल्यासारखा. धावत जाऊन पाहावं तर काच शाबूत, पाणी जागच्या जागी, मासे निवांत. पाठ फिरवताच पुन्हा ‘टक्’. घरी समुद्री प्रवाळ पाळणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांना हा आवाज चांगला ठाऊक आहे. प्रवाळाच्या तुकड्याबरोबर, त्याच्या बुडाशी असलेल्या दगडाच्या भोकात बसून, कुणीतरी बिनतिकिटाचं घरात आलेलं असतं. आता शोधायचं ते एवढंच, की आलंय कोण?

संशयित मुख्यतः दोन. एक पिस्तूल कोळंबी, दुसरी मँटिस कोळंबी. भोकात लपून येणाऱ्या दोघी सहसा बोटाएवढ्याच किंवा त्याहून लहान. पण त्यांच्या अंगातली ताकद मोजायला बसलं की आपल्या रोजच्या वापरातली मापं अपुरी पडतात.

काम पटकन झालं की आपण म्हणतो, चुटकीसरशी झालं. चुटकी म्हणजे नेमका किती वेळ? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2021 मध्ये याचं उत्तर दिलं. मधलं बोट अंगठ्यावरून सुटून तळव्यावर आपटेपर्यंत सुमारे 7 मिलिसेकंद लागतात. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले फक्त सात. पापणी लवायला याच्या वीसपट वेळ लागतो.

पिस्तूल कोळंबी हीच चुटकी पाण्याखाली वाजवते. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती नांगी ती उघडी धरते, स्नायू ताणते आणि खटका ओढावा तशी मिटते. नांगीच्या एका बोटावरचा उंचवटा दुसऱ्यावरच्या खाचेत घुसतो आणि खाचेतल्या पाण्याची चिळकांडी उडते. तिचा वेग सेकंदाला सुमारे 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटर. एवढ्या वेगात पाण्याचा दाब इतका घसरतो की पाण्यातच बुडबुडा तयार होतो. क्षणभर फुगतो आणि भोवतालच्या दाबाने चिरडला जातो. नांगीची बोटं एकमेकांवर आपटल्याने ‘टक्’ होतं, अशी समजूत फार काळ होती. आवाज या बुडबुड्याच्या मिटण्याचा आहे, हे 2000 साली डेटलेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. नांगीपासून 4 सेंटिमीटरवर त्या आवाजाचा दाब 80 किलोपास्कलपर्यंत जातो. समुद्रसपाटीला आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा दाब 101 किलोपास्कल आहे, हे लक्षात घेतलं की बोटभर जिवाचा आवाका कळतो. लहान मासा तेवढ्याने गारद होतो.

पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांना त्या बुडबुड्यात प्रकाश सापडला. बुडबुडा मिटताना आतलं तापमान किमान 5,000 केल्विनपर्यंत पोहोचतं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,770 केल्विन. ही चमक 10 नॅनोसेकंदही टिकत नाही. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या वेळात जेमतेम 3 मीटर जातो. आपली एक चुटकी वाजेपर्यंत अशा सात लाख चमका एकामागोमाग एक मावतील. साध्या डोळ्याला त्यातली एकही दिसत नाही.

ही मोजमापं झाली ती अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका जातीवर. पण याच कुळातल्या शेकडो जाती उबदार समुद्रांत आहेत आणि त्या एकत्र वाजू लागल्या की फोडणीत मोहरी तडतडावी तसा अख्खा समुद्र तडतडतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणारी श्रवणयंत्रं या आवाजाने गोंधळत. हा गलबला कोळंब्यांचा आहे, हे तेव्हा शास्त्रज्ञांना शोधून काढावं लागलं.

दुसरी संशयित, मँटिस कोळंबी, खऱ्या अर्थाने कोळंबी नाहीच. तिचं घराणं सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले पुढचे पाय ही तिची खूण. तिच्यातल्या मोरपंखी रंगाच्या जातीचा ठोसा शीला पटेक यांच्या गटाने 2004 मध्ये मोजला. वेग सेकंदाला 14 ते 23 मीटर, आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींपर्यंत. ठोशाचं बळ 1,500 न्यूटनपर्यंत जातं, म्हणजे दीडशे किलोचं ओझं अंगावर यावं तेवढं. शंखशिंपले ती याच ठोशाने फोडते. तिच्या टाकीची काच जाड का ठेवतात, ते यावरून कळावं.

मग ओळखायचं कसं? आवाज दोघींचाही येतो, म्हणून डोळ्यांनी पाहावं लागतं. एक नांगी अवाढव्य आणि डोळे कवचाच्या पारदर्शक टोपीखाली झाकलेले दिसले, तर ती पिस्तूल कोळंबी. देठावरचे डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरत असले, तर ती मँटिस. बाकीचे पाहुणे बिनआवाजाचे, पण कोळंबीच्याच नात्यातले. बाजूंनी चपटं, धनुष्यासारखं वाकडं अंग आणि पाठीवर अखंड ढाल नाही, तर तो अँफिपॉड. जवळ्यासारखा काचेजवळ थव्याने तरंगणारा, मोठ्या डोळ्यांचा, नांग्या नसलेला, तो मायसिड. आणि प्रवाळाच्या फांदीवर अर्ध्या मिलिमीटरचा, लाल ठिपक्याचा पिवळा कण सरकताना दिसला, तर तो टेगॅस्टिस अक्रोपोरॅनस, अक्रोपोरा प्रवाळावर जगणारा कोपेपॉड.

या कणाला 1981 मध्ये नाव दिलं आर्थर ह्यूम्स यांनी. समुद्रात कोपेपॉड किती असतील, याचा हिशेबही त्यांनीच 1994 मध्ये मांडला. लिटरमागे एक धरला आणि महासागरांच्या घनफळाने गुणलं. उत्तर आलं 1,347 आणि त्यापुढे अठरा शून्यं. हे कोपेपॉड पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांना सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सतरा हजार कोटी येतील.

गर्दी झाली, आता जागेकडे पाहू. जगातले सगळे प्रवाळखडक मिळून सुमारे 2,84,300 चौरस किलोमीटर भरतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3,07,713. म्हणजे अख्ख्या पृथ्वीवरचे प्रवाळखडक आपल्या एका राज्यात मावून वर जागा उरेल. समुद्राचं क्षेत्र हजार रुपये मानलं, तर प्रवाळखडकांच्या वाट्याला येतात 79 पैसे. त्या 79 पैशांत बहुपेशीय जिवांच्या सुमारे 8 लाख 30 हजार जाती राहतात, असा 2015 चा एक अंदाज आहे. अंदाजाची कक्षा साडेपाच लाखांपासून तेरा लाख तीस हजारांपर्यंत जाते, कारण बहुतेक जातींना अजून नावच नाही.

हे किती खरं, त्याचा पडताळा 2011 च्या एका अभ्यासात मिळतो. हिंदी महासागर, प्रशांत महासागर आणि कॅरिबियन समुद्रातून गोळा केलेल्या नमुन्यांचं एकूण क्षेत्रफळ होतं 6.3 चौरस मीटर, तीन खाटा शेजारी टाकल्या तर लागते साधारण तेवढी जागा. डीएनए तपासून त्यात कोळंबी-खेकड्यांच्या कुळातल्या 525 जाती निघाल्या. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जाती एकदाच सापडल्या. दुसरा नमुना नाहीच.

म्हणून अनोळखी पाहुणा दिसला की चिमटा उचलण्याची घाई मला खटकते. पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत अल्फियस लोटिनी ही पिस्तूल कोळंबी जोडीने राहते. काट्यांचा मुकुट म्हणतात तो तारामासा प्रवाळ खायला आला की ती त्याच्यावर चुटक्या वाजवते, सोबतचे खेकडे त्याचे पाय चिमटतात आणि त्याला माघार घ्यायला लावतात. पीटर ग्लिन यांनी 1970 च्या दशकात पनामाजवळ हे नोंदवलं. टाकीत आपण जिला घुसखोर समजतो, ती समुद्रात त्याच प्रवाळाची राखणदार असू शकते. 2003 च्या अहवालानुसार वर्षाला 1 कोटी 10 लाख ते 1 कोटी 20 लाख प्रवाळाचे तुकडे जगभर विकले जात होते. प्रत्येक तुकड्याबरोबर असा संसारही उचलला जात असेल, तर तो केवढा असेल? भारतात कठीण प्रवाळांना 2001 पासून वाघाच्या बरोबरीचं कायदेशीर संरक्षण आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी, विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रातली आंग्रिया बँक ही पाण्याखालची उंच जागा अशाच प्रवाळांची आहे. तिथले प्रवाळ आणि त्यांच्या फांद्यांतले रहिवासी जिथल्या तिथेच राहायला हवेत.

आणि ओळख पटवताना नुसत्या डोळ्यांचाही भरवसा धरू नये. पनामाची भूपट्टी सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी जुळली आणि एकाच समुद्रातल्या पिस्तूल कोळंब्या दोन महासागरांत वाटल्या गेल्या. आज त्या दोन्हीकडच्या बहिणी पाहायला जवळजवळ सारख्या. नॅन्सी नोल्टन यांनी 1993 मध्ये त्यांना एकत्र आणलं, तेव्हा त्या एकमेकींवर नांग्या वाजवू लागल्या. अशा जोड्यांपैकी फक्त एक टक्का जोड्यांना धड अंडी झाली.

तेव्हा टाकीतून ‘टक्’ ऐकू आलं, तर टॉर्चवर लाल कागद लावावा, खुर्ची ओढून बसावं आणि वाट पाहावी. चुटकी तिची. ओळख मात्र चुटकीसरशी होत नाही. जे वेगळेपण घडायला तीस लाख वर्षं लागली, त्यासाठी आपण एक रात्र जागणं फार नाही.