एकवीस दिवसांची सुई

दिवाळी सरली की नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडच्या पाड्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. भांडीकुंडी, कोंबड्या, कडेवरची पोरं, सगळं बरोबर घेऊन मुक्काम गुजरातेत उसाच्या फडावर. परतायचं ते होळीला, काठी गावच्या राजवाडी होळीचे ढोल वाजायच्या आत. या चार-साडेचार महिन्यांत एखाद्या पोराची २१ दिवसांची सुई चुकली, तर त्या दिवशी काहीच होत नाही. ना ताप, ना दुखणं. कळतं ते काही वर्षांनी, नेहमीची टेकडी चढताना धाप लागते तेव्हा.

ही सुई पेनिसिलीनची, आणि ज्या जंतूसाठी ती द्यायची त्याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याच शहरात १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतज्वराचे मृत्यू खाली आणले होते, पण मारणारा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. १८७९ मध्ये पॅरिसच्या एका सभेत लुई पाश्चर यांनी ती माळ फळ्यावर काढून दाखवली. १९३३ मध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी या जंतूंची गटवारी लावली. 'अ' गट, 'ब' गट ही भाषा आजही त्यांचीच आहे.

'अ' गटाचा जंतू घशात बसतो. घसा धरतो, गिळताना दुखतं, ताप येतो आणि आठवडाभरात मूल पुन्हा खेळायला लागतं. गोम पुढे आहे. जंतूशी लढायला शरीरानं जी हत्यारं घडवली, ती काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून येतात. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा मनगट. हा ऱ्हुमॅटिक ताप. सांधे बरे होतात. हृदयाची झडप मात्र जाड होते, आखडते, आणि असा ताप पुन्हा पुन्हा आला की दर वेळी थोडी आणखी बिघडते. हाच ऱ्हुमॅटिक हृदयरोग. ५ ते १५ या वयात त्याची सुरुवात होते. म्हणजे नेमकं आश्रमशाळेचं वय, एका खोलीत अंथरुणाला अंथरूण लावून झोपायचं वय.

तो टाळता येतो हे १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगच्या हवाई तळावर सिद्ध झालं. घसा धरलेल्या जवानांना वेळेत पेनिसिलीन दिलं, तर पुढचा ऱ्हुमॅटिक ताप जवळजवळ थांबतो. आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तीच पेनिसिलीन देशात बनवायला. इतक्या वर्षांत पेनिसिलीनला पुरता न जुमानणारा 'अ' गटाचा जंतू एकाही रुग्णात सापडलेला नाही. औषध स्वस्त आहे, जुनं आहे, खात्रीचं आहे. म्हणूनच या रोगानं बिघडलेली प्रत्येक झडप मला फार लागते.

एकदा हा ताप येऊन गेला की दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीन घ्यावं लागतं. कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात कालवली की दाट दुधासारखं औषध होतं. जाड सुईनं ते कंबरेखाली खोल टोचतात. सुई मध्येच तुंबते, पोर कळवळतं, दुसऱ्या दिवशी लंगडतं. वर्षाला सतरा सुया, आणि हृदयाला इजा झाली असेल तर निदान दहा वर्षं. रिअ‍ॅक्शनच्या धास्तीनं काही डॉक्टर हात आखडता घेतात ते वेगळंच.

त्वचेचं दुखणंही दुर्लक्षायचं नाही. खरूज खाजवून फोड येतात, त्यात हाच जंतू शिरतो, आणि काही आठवड्यांनी मूल सकाळी उठतं ते सुजलेल्या डोळ्यांनी. लघवी कोऱ्या चहासारखी होते. ही मूत्रपिंडाची सूज. खरजेचं मलम वेळेवर लावणं म्हणजे मूत्रपिंड वाचवणं, हे वसतिगृहाच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

नंदुरबारात आणखी एक गुंता आहे, तो सिकलसेलचा. भिल्ल, पावरा, मावची समाजांत हा रक्ताचा आजार बराच आढळतो. त्यातही हातपाय, सांधे ठणकतात. मग गुडघा धरून आलेलं पोर सिकलसेलचं की ऱ्हुमॅटिक तापाचं? एकाचं लेबल आधीच लागलेलं असेल तर दुसरा दडून राहतो. ऱ्हुमॅटिक ताप ओळखायच्या २०१५ च्या सुधारित जोन्स निकषांनी आपल्यासारख्या जोखमीच्या भागात एकाच सांध्याची सूजही गंभीर धरायला सांगितलं आहे. छातीला स्टेथोस्कोप लावणं आणि जमेल तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढणं, याला पर्याय नाही.

सिकलसेलच्या बाळाला स्ट्रेप्टोकॉकसच्याच कुळातला दुसरा जंतू गाठतो, न्यूमोकॉकस. त्याच्या अंगावर साखरेचं कवच असतं. असे कवचधारी जंतू रक्तातून गाळून काढायचं काम प्लीहेचं, आणि सिकलसेलमध्ये वाकड्या पेशी तुंबून तीच निकामी होत जाते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीनं दाखवलं की अशा बाळांना रोज तोंडानं पेनिसिलीन दिलं तर हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, प्लीहाही जास्त काळ टिकते, म्हणून आपला सिकलसेल सौम्य, असं पुष्कळ दिवस मानलं गेलं. तो दिलासा सगळ्यांना लागू नाही. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२० मध्ये आपली लसही आणली. मात्र नवव्या महिन्याचा डोस फडावर असताना आला, तर तोही हुकतो.

'अ' गटावर लस अजून नाही. त्याच्या एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, आणि हृदयालाच बाधेल या भीतीनं अमेरिकेत अशा लसींवर १९७९ पासून २००६ पर्यंत बंदी होती. युगांडातल्या २०२१ च्या अभ्यासानं एक वाट दाखवली. इकोमध्ये झडपेचा छुपा बिघाड दिसलेल्या मुलांना ही सुई दिली, तेव्हा दोन वर्षांत बिघाड वाढला तो ०.८ टक्के मुलांत; सुई न दिलेल्यांत ८.२ टक्के. ऑस्ट्रेलियात तेच औषध मोठ्या मात्रेत कातडीखाली हळूहळू सोडून तीन-तीन महिने पुरवता येईल का, हे तपासलं जातंय.

ते येईपर्यंत औषध तेच आणि अंतरही तेच. निघायच्या दिवशी पाड्यावर एक सुई दिली, तरी होळीपर्यंत आणखी सहा उरतात. त्या सहा फडाजवळच्या गुजरातच्या दवाखान्यात, मराठीत लिहिलेलं कार्ड पाहून, कुणीतरी द्यायला हव्यात.